एम2 घेऊन जानेवारीत मनाली–सिस्सू: टायर, साखळ्या आणि बर्फावर गाडी हाकायची कशी?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. चुलतभावाकडे बीएमडब्ल्यू एम2 आहे, 2023 चं मॉडेल, आठ गियरची ऑटोमॅटिक, एमएच 13 पासिंग. गड्ड्याची जत्रा उरकली की आम्ही दोघं सोलापूरहून निघून धुळे–इंदूर–कोटा–जयपूर करत मनाली आणि जमलं तर अटल बोगद्यातून सिस्सू असा बेत करतोय. सोबत मित्राची डिझेल एसयूव्ही आहे, फोर बाय फोर. ती गाडी सामान वाहील.

गाडीवर कंपनीचेच उन्हाळी टायर आहेत, पुढे 275/35 आर19 आणि मागे 285/30 आर20. नक्षी चांगली शिल्लक आहे. आम्हाला काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. हे टायर बर्फावर चालतील का? नाही चालले तर साखळ्या लावून भागेल का? मागच्या चाकांवर ताकद जाणारी गाडी बर्फात कशी चालवायची, डीएससी (घसरणारी गाडी सावरणारी संगणकी यंत्रणा) चालू ठेवायचं की बंद? आणि निघण्याआधी सोलापुरातच काय काय करून घ्यावं? दोघांनाही घाटात चालवायची सवय आहे, पण बर्फावर कोणीच चालवलेलं नाही. "जाऊ नका" असं उत्तर असेल तर तेही चालेल, फक्त का ते सांगा.

टायरमास्तर_अशोकचौक:
मालक, टायरपासूनच सुरू करतो, कारण निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच आहे.

उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक व्हायला लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते, बर्फ तर पुढची गोष्ट. नक्षी किती उरली आहे याने इथे फार फरक पडत नाही, अडचण रबराच्या मिश्रणात आहे. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फ धरून ठेवतात आणि बर्फावर बर्फ घट्ट बसतो, पकड तिथून येते. उन्हाळी टायरला या चिरा नसतातच. दाबल्या गेलेल्या बर्फावर थांबायला उन्हाळी टायरला हिवाळी टायरच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं.

आणखी एक धोका इकडे फारसा कोणाला माहीत नसतो. जास्त कामगिरीचे उन्हाळी टायर उणे 7 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेले आणि त्या अवस्थेत गाडी हलवली, तर नक्षीला तडे जाऊ शकतात. टायर कंपन्या स्वतःच ही सूचना देतात आणि असे तडे गेलेला टायर वॉरंटीत धरत नाहीत. सिस्सूला जानेवारीच्या रात्री पारा यापेक्षा खाली जाणं नेहमीचं आहे. म्हणजे रात्रभर उघड्यावर उभी केलेली गाडी सकाळी मीटरभर मागे घेतली तरी टायर खराब होऊ शकतो. ऊन चढेपर्यंत गाडीला हातच लावू नये.

हिवाळी टायर घ्यायचे असतील तर बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह बघा. नुसतं "एम+एस" (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही, त्या अक्षरांमागे बर्फावरची कुठलीही चाचणी नसते. भारनिर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरइतकाच हवा. वेगाची श्रेणी कमी चालते: टी म्हणजे ताशी 190 किलोमीटर, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240. बर्फावर तेवढ्या वेगाचा प्रश्नच नाही, पण इंदूरच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की ही मर्यादा चालवणाऱ्याच्या लक्षात असली पाहिजे.

आता अडचण. या मापाचे हिवाळी टायर आपल्याकडे दुकानात ठेवलेले नसतात. जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे मागवतो म्हटलं तरी वेळ जातो. जत्रेनंतर निघायचं असेल तर आत्ताच विचारपूस करा. मिळालेच तर चारही घ्या. मागे हिवाळी आणि पुढे उन्हाळी अशी जोडी लावली तर गाडी चढेल, पण उतारावर पुढचा भाग सरळ दरीकडे जाईल. उलट जोडी लावली तर ब्रेकवर पाय ठेवताच शेपूट पुढे येईल.

रुंदीबद्दलही सांगतो. कोरड्या रस्त्यावर 285 मिलिमीटर रुंदीचा टायर भारी वाटतो, भुसभुशीत बर्फात तोच आडवा येतो. अरुंद टायर बर्फ कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचतो, रुंद टायर वर तरंगतो आणि पुढे बर्फाचा ढीग लोटत राहतो. म्हणून बर्फाच्या देशांत हिवाळ्यासाठी एक माप लहान रिम आणि जाड भिंतीचा टायर लावतात. एम2 चे ब्रेक कॅलिपर मोठे आहेत, त्यामुळे लहान रिम घेण्याआधी ती कॅलिपरवरून फिरते का हे प्रत्यक्ष बसवून बघा, कॅटलॉगवर विसंबू नका.

हवा: अंदाजे दर 5 ते 6 अंशांना 1 पीएसआय कमी होते. सोलापुरात दुपारी 30 अंशांत 35 भरली आणि मनालीच्या वरच्या सोलंगला उणे 5 झालं तर साडेपाच-सहा पीएसआय उतरायला हवेत. पण सोलापूर साडेचारशे मीटरवर आणि सोलंग अडीच हजारांवर, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून गेजवर तीनेक पीएसआय परत वाढलेले दिसतात. शेवटी साधारण 32–33 दिसेल. मनालीत पोचल्यावर सकाळी गाडी न चालवता मोजा आणि दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलंय तेवढी करा. टायरचा पिवळा दिवा लागला तर आधी थंडी आठवा, पण पंक्चर नाही हे बघितल्याशिवाय दिवा रीसेट करू नका.

गियर_आणि_घाट:
वाळूत कमी करतात तशी हवा 22–24 वर आणली तर बर्फात पकड वाढत नाही का? एसयूव्हीवाले करतात.

टायरमास्तर_अशोकचौक:
खोल, भुसभुशीत बर्फावर, उंच भिंतीच्या टायरला, रांगत्या वेगाने थोडा फायदा होतो. 30 च्या प्रोफाइलला (म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या 30 टक्के) भिंतच मुळात आठ-साडेआठ सेंटिमीटर आहे. हवा कमी केली तर पहिल्याच खड्ड्यात रिमची कड वाकेल. गाडीत स्टेपनी नाही, आणि भिंत फाटली तर पंक्चरचा फेस भरून उपयोग नाही. शिवाय दाबल्या गेलेल्या बर्फावर आणि काचेसारख्या बर्फावर हवा कमी केल्याने काहीच मिळत नाही. एम2 ची हवा कमी करू नका.

बाळीवेस_ते_बव्हेरिया:
टायरबद्दल वरचं सगळं पटतं. जर्मनीत तर ऑक्टोबर 2024 पासून बर्फाळ रस्त्यावर फक्त त्या हिमकणाच्या चिन्हाचेच टायर चालतात, जुने एम+एस धरत नाहीत. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात बर्फ असेल तर किमान 4 मिलिमीटर नक्षी लागते, त्याहून कमी असली तर तो हिवाळी टायर मानलाच जात नाही. आता चालवण्याबद्दल.

आधी आकडे मनात बसवा. ताशी 40 च्या वेगातून कोरड्या डांबरावर गाडी साधारण 8 मीटरमध्ये थांबते. हिवाळी टायरने दाबलेल्या बर्फावर 20–21 मीटर लागतात, उन्हाळी टायरने 40 च्या पुढे, आणि काचेसारख्या बर्फावर 60 च्या वर. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही, एका सेकंदाला त्याचे 11 मीटर वेगळे. एबीएसने हे अंतर कमी होत नाही, ते फक्त चाकं जाम होऊ न देता स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवतं.

चढाचं गणितही बघा. मागच्या चाकांवर गाडीचं साधारण निम्मं वजन आहे. उन्हाळी टायरची बर्फावरची पकड (घर्षणाचा गुणांक) 0.15 धरली तर ही गाडी शंभर मीटरला सात-साडेसात मीटरपेक्षा जास्त चढ चढूच शकत नाही, इंजिनात साडेचारशे घोडे असले तरी. त्याच चढावर थांबली की पुन्हा निघणं अवघड. फोर बाय फोर तोच चढ सहज चढते, पण उतरताना दोघींना चारच टायर. उतारावर फोर बाय फोरचा काही फायदा नाही, म्हणून मित्राच्या एसयूव्हीलाही टायरचा हाच नियम लागू आहे.

गाडी तयार करताना स्टिअरिंगवरच्या दोन लाल बटनांपैकी एक बर्फासाठी राखून ठेवा: इंजिन एफिशियंट, सस्पेन्शन कम्फर्ट, स्टिअरिंग कम्फर्ट, ब्रेक कम्फर्ट, गियरबॉक्सची सगळ्यात मवाळ पायरी आणि डीएससी पूर्ण चालू. स्पोर्ट प्लसमध्ये ॲक्सिलरेटर जरा दाबला की बराच टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) येतो, बर्फावर तोच नको असतो. या इंजिनाचा 550 न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क 2,650 आरपीएमपासून मिळतो. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गियरमध्ये निघायचं, दोन हजारांच्या आतच तिसरा, मग चौथा. टर्बो भरायच्या आधीच गियर वर गेला पाहिजे.

डीएससी कायम चालू. बंद करायची वेळ एकच: गाडी बर्फात रुतली आहे, चाक जरा फिरलं की संगणक ताकद पूर्ण कापतो आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा एम डायनॅमिक मोड (चाकं थोडी घसरू देणारा) किंवा डीएससी बंद, दुसरा गियर, हळुवार पुढे, थांबा, हळुवार मागे, असं झुलवत बाहेर काढायची. बाहेर आली की लगेच परत चालू. चाकं गरगर फिरवू नका. त्याने खालचा बर्फ वितळतो, दोन मिनिटांत पुन्हा गोठतो आणि खाली आरसा तयार होतो. दहा पायऱ्यांचं एम ट्रॅक्शन कंट्रोल डीएससी बंद केल्यावरच चालतं, ते घाटात वापरायची वस्तू नाही.

या गाडीचं मागचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग) गरज पडली की दोन्ही चाकं एकत्र बांधतं. एक चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असेल तेव्हा ते फार कामाला येतं. पण दोन्ही चाकं बर्फावर असताना दोन्ही एकदम सुटतात आणि शेपूट बाजूला जाते. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक फिरतं, दुसरं गाडी थोडीफार सरळ धरून ठेवतं. म्हणून वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय ॲक्सिलरेटर वाढवायचा नाही.

उतार हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग. वरून निघतानाच दुसऱ्या गियरमध्ये, चालण्याच्या वेगाने सुरुवात करा. मध्येच स्टिअरिंगमागचं गियरचं पॅडल ओढून चौथ्यावरून दुसऱ्यावर आणलं तर इंजिनाचा सगळा रोध फक्त मागच्या दोन चाकांवर येतो आणि हँडब्रेक ओढल्यासारखी गाडी फिरते. एकेक गियर, सरळ रस्त्यावर, वळण यायच्या खूप आधी. ब्रेकही सरळ रस्त्यावरच. वळणात फक्त वळायचं.

पुढचा भाग वळत नसेल तर स्टिअरिंग आणखी फिरवायचा मोह होतो. उलट करा: स्टिअरिंग थोडं सोडा, ॲक्सिलरेटर सोडा, पकड परत येईपर्यंत थांबा. शेपूट सुटली तर नजर जायचंय तिकडे, हात नजरेमागे, ॲक्सिलरेटर हळूच कमी, ब्रेक नाही. सगळंच सुटलं आणि समोर कडा असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि डोंगराच्या बाजूला स्टिअरिंग ठेवा. भिंतीला घासलेली गाडी दुरुस्त होते.

काळ्या मातीच्या रानातल्या पहिल्या पावसाच्या चिखलात गाडी जशी वागते, तशीच ती बर्फावर वागते, फक्त आवाज न करता. एखादं मोकळं खासगी रान मिळालं आणि त्यावर पाणी मारता आलं तर ताशी 15–20 ने एबीएस पायाखाली कसं थरथरतं आणि शेपूट सुटल्याची चाहूल कमरेला कशी लागते हे दोघांनी एकेकदा अनुभवून घ्या. ही चाहूल डोळ्यांना उशिरा कळते.

शून्याच्या आसपासचा बर्फ हा उणे 15 च्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणजे दुपारी ऊन पडल्यावर रस्ता सोपा झाला असं समजू नका. सावलीतली वळणं, पूल आणि बोगद्याची तोंडं इथे सगळ्यात आधी काच जमते आणि ती काळ्या डांबरासारखीच दिसते. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं आणि टायरचा आवाज बंद झाला, तर तुम्ही तिच्यावर आहात.

होटगीरोडकर:
फार उपयोगी माहिती. हिवाळी टायर या मापात वेळेत मिळतील असं वाटत नाही, फोनवर चौकशी केली. मग उन्हाळी टायर आणि साखळ्या, एवढ्यावर जमेल का? आणि सोलापुरातली तयारी कोणी सांगेल का?

वर्कशॉप_अक्कलकोट_रोड:
साखळ्यांबद्दल आधी. गाडीचं हँडबुक उघडून साखळ्यांचं पान बघा. कमी प्रोफाइलच्या रुंद टायरवर बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांना साखळी लावायची परवानगीच नसते, किंवा एका ठरावीक लहान मापावरच असते. कारण असं की टायरची आतली बाजू आणि सस्पेन्शनच्या नळ्या यांच्यात बोटभरच जागा असते. साखळीचा सुटलेला एक दुवा तिथे फिरला तर एबीएस सेन्सरची वायर किंवा ब्रेकचा होज कापला जातो. हँडबुक नाही म्हणत असेल तर विषय संपला.

पर्याय म्हणून कापडी आवरणं मिळतात, चाकाला मोज्यासारखी चढवायची. जाडी कमी असल्याने आतल्या बाजूला लागत नाहीत. पण ती थोड्या अंतराची सोय आहे. बर्फ संपून डांबर लागलं की काही किलोमीटरमध्ये फाटतात. घेतलीत तर दोन जोड्या घ्या.

साखळी असो वा कापड, ती ताकदीच्या चाकांना, म्हणजे तुमच्या मागच्या चाकांना. वेग 50 च्या वर नाही, घाटात 20–25 पुरे. लावल्यावर पन्नास-शंभर मीटर जाऊन थांबा आणि परत आवळा, पहिल्या फिरण्यात ती सैल होतेच. मागेच साखळ्या असताना पुढची चाकं अजून घसरत्या टायरवर आहेत, म्हणून चढ सोपा आणि उतार तसाच अवघड राहतो. सोलापुरात अंगणात दोनदा लावून-काढून बघा, मग डोळे मिटून एकदा, कारण तिथे काळोखात, गोठलेल्या बोटांनी लावायची असते. रबरी हातमोजे, कपाळावरची बॅटरी आणि गुडघ्याखाली घ्यायला जाड पोतं सोबत ठेवा.

आता गाडी.

कूलंट. आपल्याकडे वर्षानुवर्षं पाणी टाकून टाकून तो पातळ होतो, त्यात बोअरचं जड पाणी. गोठणबिंदू रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती दाट आहे ते दाखवणारं छोटं यंत्र) तपासून घ्या, दोन थेंबांचं काम आहे. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असेल तर साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. एकतृतीयांश कूलंट उरला असेल तर उणे 18 च्या आसपास. आकडा उणे 25 पेक्षा वर असेल तर पूर्ण बदला, आणि कंपनीने सांगितलेलाच प्रकार वापरा. दोन रंगांचे कूलंट मिसळू नका.

काच धुण्याचं पाणी. हे जवळपास सगळे विसरतात. टाकीत साधं पाणी असेल तर ते गोठून पंप आणि नळ्या फोडतं. टाकी रिकामी करून न गोठणारं द्रव भरा आणि नोझलमधून तेच बाहेर येईपर्यंत फवारत राहा, नाहीतर टाकीत द्रव आणि नळीत सोलापूरचं पाणी असं होतं.

बॅटरी. उन्हाळ्यातल्या 42–43 अंशांनी बॅटरी आतून खराब होते, आणि ते कळतं थंडीत. शून्य अंशाला तिची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेली असते. नुसतं व्होल्ट बघून चालत नाही, लोड टेस्ट करून घ्या. या गाडीत बॅटरी डिकीत आहे, पण जंप द्यायचे टर्मिनल बॉनेटखाली आहेत. ते कुठे आहेत हे दोघांनी आधीच बघून ठेवा.

दरवाजे. याच्या काचांना चौकट नाही. हँडल ओढलं की काच काही मिलिमीटर खाली येते आणि मग दार उघडतं. रात्री काच रबराला चिकटून गोठली तर ती खाली येत नाही. तेव्हा दार हिसकलं तर रबर फाटतं किंवा काच फुटते. निघण्याआधी सगळ्या रबरांना सिलिकॉनचा हात फिरवा, आणि तिथे सकाळी दार उघडण्याआधी कडेने तळहाताने दाबून बर्फ मोडा. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडा जातो. वायपर उभे करायचे तर मेनूतून सर्व्हिस पोझिशन घ्या, तसेच उचलले तर बॉनेटची कड घासते.

रात्री गाडी पी मध्ये ठेवा, जागा सपाट निवडा आणि चाकाला दगड लावा. हॉटेलात शिरण्याआधी शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये हलका ब्रेक तीन-चारदा दाबून डिस्क कोरड्या करा. ओल्या डिस्कला पॅड चिकटून गोठले की सकाळी मागचं चाक फिरत नाही.

चालताना ताशी 50–60 ला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर बॅलन्सिंग गेलं असं समजून घाबरू नका. रिमच्या आत बर्फ एका बाजूला दाबून बसतो. थांबून काठीने काढा, थरथर जाते. पुढच्या बंपरच्या जाळ्या आणि खालचं प्लास्टिकचं आवरणही बघत राहा. बर्फ ढकलत गेलात तर जाळ्या बुजतात आणि थंडीतही तापमानाचा काटा चढतो. गाडीच्या पोटाला लागेल इतका बर्फ असेल तर ती चाकांवर राहतच नाही, पोटावर बसते. मग कुठलाच टायर आणि कुठलीच साखळी उपयोगाची नाही.

पेट्रोलला त्या थंडीत काही होत नाही. मित्राच्या डिझेल गाडीचं मात्र बघा: इकडचं डिझेल कडक थंडीत मेणासारखं दाटतं आणि फिल्टर बुजवतं. टाकी जवळपास रिकामी करून मनाली भागातलंच भरा.

रा_म_52:
रस्त्याचं आणि तिथल्या नियमांचं मी सांगतो. सोलापूरहून निघालात की तोच राष्ट्रीय महामार्ग 52 तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत पंजाबातल्या संगरूरपर्यंत जातो. जयपूरच्या पुढे जानेवारीत धुकं दाट असतं. एम2 च्या चालकासाठी या प्रवासातला पहिला मोठा धोका तोच आहे, बर्फाच्या कितीतरी आधी. हरियाणा-पंजाबात सकाळी उशिरा निघा आणि अंधार पडायच्या आत थांबा. मागचा धुक्याचा दिवा कुठल्या बटनावर आहे ते आधी शोधून ठेवा. धोक्याचे चारही दिवे लावून चालत राहणं चुकीचं आहे, मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय हे कळत नाही.

मनाली शहर साधारण दोन हजार मीटरवर आहे. तिथपर्यंत रस्ता मोकळा असेल तर एम2 आरामात जाते. बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगलाच गाड्या अडवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, उन्हाळी टायरची. ती सोडणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, तीन हजार मीटरच्या वर. आतला रस्ता कोरडा असतो, पण सोलंग ते दक्षिण तोंड हा टप्पा हिमस्खलनाचा आहे, आणि उत्तरेच्या तोंडाबाहेर आतून आलेल्या गाड्यांचं पाणी ठिबकून गोठतं. सत्तरच्या वेगाने कोरड्यातून थेट काचेवर, असं तिथे होतं. रोहतांग जोत (खिंड) हिवाळ्यात बंदच असते.

उन्हाळी टायरवर माझ्या मते मर्यादा अशी ठेवा: एम2 मनाली शहरापर्यंत, तीही अंदाजात बर्फ नसताना. शहरात बर्फ पडायला लागला तर गाडी सपाट, आच्छादित जागी उभी करा आणि रस्ता साफ होऊन दुपारी कोरडा होईपर्यंत खाली उतरवू नका, मुक्काम एक-दोन दिवसांनी वाढला तरी चालेल असा बेत ठेवा. सिस्सूला स्थानिक चालकासह फोर बाय फोर भाड्याने घ्या. मित्राची एसयूव्ही न्यायची असेल तर तिचे टायर आधी टायरमास्तरांनी सांगितलेल्या चिन्हावर तपासा. गुलमर्गचा विचार मनात आला तर तंगमर्गच्या वर बर्फात साखळ्या किंवा फोर बाय फोर लागते.

अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. इंजिन चालू करून हीटर लावण्याआधी दर वेळी उतरून सायलेन्सरची तोंडं बर्फातून मोकळी करा. तोंड बुजलं की धूर गाडीखालून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरीजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, बंद गाडीत साठलेला हा वायू हेही त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. तासाला दहा-पंधरा मिनिटं इंजिन, एक काच बोटभर खाली, बाकी वेळ बंद. म्हणून मंडीच्या पुढे टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. दोन सोलापुरी चादरी डिकीत नको, सीटवर ठेवा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन जा, गोठत नाही, नासत नाही आणि दोन दिवस सहज निघतात. पाण्याच्या बाटल्या आतच ठेवा आणि काठोकाठ भरू नका.

होटगीरोडकर:
ठरलं. एम2 मनालीपर्यंतच, पुढे भाड्याची गाडी. भाऊही तयार झाला. शेवटचा प्रश्न: बर्फावर अशी गाडी मनसोक्त चालवायची त्याची हौस आहे, ती कुठे भागेल? आणि ओढून काढायची वेळ आलीच तर दोर कुठे बांधायचा?

बाळीवेस_ते_बव्हेरिया:
हौसेसाठी उत्तर युरोपातली गोठलेली तळी. स्वीडनमध्ये आर्येप्लोगला बीएमडब्ल्यूचं आणि फिनलंडमध्ये लेवीला पोर्शेचं बर्फावरचं प्रशिक्षण असतं. गाड्या त्यांच्या, टायर खिळ्यांचे, समोर दरी नाही आणि चुकलं तर बर्फाच्या मऊ कडेत रुतायचं, एवढंच. डीएससी बंद करून शेपूट खेळवायला तीच जागा योग्य. जायचं तर जानेवारी अखेर ते मार्च, तोवर तळ्यावरचा बर्फ जाड झालेला असतो.

वर्कशॉप_अक्कलकोट_रोड:
ओढायचा हुक टूलकिटमध्ये असतो, सुटा. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून आत फिरवून बसवायचा, शेवटच्या आट्यापर्यंत. अर्धवट फिरवलेला हुक उपटून काच फोडतो. झाकण थंडीत ठिसूळ होतं, सोलापुरातच एकदा काढून परत बसवून ठेवा, आणि हुक सामानाच्या खाली न ठेवता वर ठेवा. दोर सरळ रेषेत, झटका न देता ओढायचा, दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. ॲक्सलला, सस्पेन्शनच्या आर्मला किंवा रिमला दोर बांधू देऊ नका, मदतीला आलेले लोक घाईत तेच करतात. गाडी रस्त्यावर आली की लांबवर ओढत न्यायची नाही, सपाट पाठीचा ट्रक मागवा आणि पुढच्या ओठाखाली लाकडी फळ्या ठेवून चढवा. परत आल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालचं आवरण काढायला सांगा, तिकडे रस्त्यावर टाकलेली खडी आणि वाळू त्यात साठून राहते आणि गरम पाइपजवळ घासत बसते.